वाटेतला माल

पार्सलवाला दारात आला की मी आधी त्याला पाणी विचारते, मग खोका हातात घेते. सूनबाई म्हणते, "आई, तो घाईत असतो हो, सही करून मोकळं करा त्याला." तिचं बरोबर आहे. तो एक पाय जिन्यात ठेवूनच उभा असतो आणि बहुतेक वेळा पाणी नकोच म्हणतो. पण विचारल्याशिवाय माझा हात खोक्याकडे जात नाही. ही खोड मूळची माझी नाही, परबकाकांची आहे. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, त्यात कधी अंगाला लागली ते कळलंही नाही.

दत्ताराम परब आमच्या गोदामाचे इनचार्ज होते. कंपनी औषधांची. कारखाना बाहेरगावी, आणि मुंबईतल्या दुकानांना, दवाखान्यांना माल जायचा तो लालबागच्या या गोदामातून. गोदाम म्हणजे एका बंद गिरणीचा तुकडा. गिरणी कामगारांचा संप सुरू होऊन काही वर्षं झाली होती, गिरणी गप्प पडली होती, आणि आवारातल्या शेड भाड्याने जाऊ लागल्या होत्या. मी ठाकूरद्वारहून बसने जायची. ऑर्डरी घ्यायच्या, चलनं टाईप करायची, कुठल्या गाडीत कुणाचा माल चढवायचा याचा मेळ घालायचा, असं माझं डिस्पॅचच्या टेबलावरचं काम होतं. परबकाका संपाआधी याच गिरणीच्या डिस्पॅच खात्यात होते. ज्या फाटकातून त्यांनी एकेकाळी कापडाच्या गाठी रवाना केल्या, त्याच फाटकातून आता खोकल्याची औषधं रवाना करत होते. कंपनीने त्यांना घेतलं तेच मुळी ही जागा त्यांच्या पायाखालची होती म्हणून.

जागेने मात्र आपली जुनी ओळख सोडली नव्हती. छत उंच, त्याला लोखंडी तुळया, आणि त्या तुळयांवर वर्षानुवर्षांचा कापसाचा भुसका बसलेला. मोठी गाडी मागे घेताना शेड हादरली की तो खाली यायचा. आमच्या खोक्यांवर, माझ्या टाईपरायटरवर, चहाच्या ग्लासात. कितीदा झाडून घेतलं, माणसं लावून तुळया पुसून घेतल्या, तरी कुठून तरी यायचाच. बंद पडलेल्या गिरणीत अजून कापूस उडतोय, हे मला पहिल्या वर्षी फार चमत्कारिक वाटायचं. एकटी असले की मी मान वर करून बघत राहायची. परबकाका ग्लासातला भुसका बोटाने काढून चहा प्यायचे.

काका अंगाने काटकुळे, बुशशर्ट नेहमी पँटबाहेर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खोका आला की त्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे, बाजारात नारळ वाजवून घेतात तसं. आत बाटली फुटली असेल तर आवाजावरून कळतं म्हणायचे. पुष्कळदा कळायचं, कधीकधी साफ चुकायचं, आणि चुकलं की खोक्यालाच दोष द्यायचे. शेडच्या भागांना त्यांनी गिरणीतलीच नावं ठेवली होती. जिथे पूर्वी माग चालायचे तो भाग त्यांच्या लेखी साचाखातंच. "सिरप साचाखात्यात लाव," म्हणून नव्या हमालाला सांगायचे आणि तो बिचारा डोक्यावर खोका घेऊन सगळ्या आवारात साचाखातं शोधत फिरायचा.

कामाची पद्धत मात्र लख्ख. जुना माल पुढे, नवा मागे, यात हयगय चालायची नाही. "गोदाम म्हणजे धर्मशाळा," ते म्हणायचे. "इथे कुणी मुक्काम करायचा नाही. आला, टेकला, निघाला." एखादं औषध पडून राहिलं तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे, आणि मग कुठल्या दुकानदाराच्या गळ्यात ते घालायचं याचा विचार माझ्या टेबलाशी येऊन मोठ्याने करायचे.

आणि त्यांचा तो एक नियम. कारखान्यातून गाडी निघाली की तिथून फोन यायचा, कुठलं औषध, किती खोकी. काका फोनवर आधी विचारायचे, "माणसं किती निघाली?" पलीकडचा म्हणायचा, ड्रायव्हर आणि क्लीनर, आणखी कोण असणार. "नावं सांग." मग तो नावं सांगायचा. गाडी फाटकात आली की मागचं दार उघडायचं नाही. आधी सगळ्यांनी खाली उतरायचं. काका एकेकाला नावाने हाक मारायचे, तो समोर आला की त्याच्या हातात चहाचा ग्लास द्यायचे, आणि त्याने घोट घेतला की मगच किल्ली काढायचे. हमाल खोळंबायचे, मी घड्याळाकडे बघायची, ड्रायव्हर कंटाळायचे. "परबसाहेब, माल उतरवा, आम्ही पळून नाही जात," एक सरदारजी ड्रायव्हर हसून म्हणाला होता. काका म्हणाले, "आधी माणूस, मग माल." हे इतक्यांदा म्हणायचे की हमाल त्यांची नक्कल करायचे. जेवणाचा डबा उघडताना म्हणायचे, "आधी माणूस, मग मासळी."

मला वाटायचं, प्रेमळ म्हातारा आहे, लांबून आलेल्यांची कदर करतो. चांगलं आहे, पण नमनाला घडाभर तेल कशाला?

सुरुवातीला एकदा मी सहज विचारलं होतं, "काका, घरी कोण कोण?" लग्न त्यांनी केलं नव्हतं, एवढं ऐकून होते. म्हणाले, "भावजय आहे, पुतणी आहे."

"आणि भाऊ?"

"भाऊ वाटेत आहे."

गावाहून यायला निघाला असेल, असं मी धरलं आणि पुढची चलनं टाईप करायला घेतली.

'वाटेत' हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द. माल कारखान्यातून निघालेला असतो आणि आपल्याकडे पोचलेला नसतो, तेव्हा तो वाटेत असतो. तिथून वजा झालेला, इथे जमा न झालेला. महिन्याच्या शेवटी हिशेब जुळवताना अशा मालाची फार कटकट. बराच काळ आला नाही की कंपनी त्याला हरवला म्हणून टाकायची आणि विम्याच्या मागे लागायची. काका यात आडवे पडायचे. "हरवला असं कुणी बघितलं? वाटेत आहे," म्हणायचे. एकदा डोळ्यांत घालायच्या थेंबांचं एक खोकं असंच गायब झालं. हेड ऑफिसने ते कधीच सोडून दिलं होतं. काका सुट्टीच्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं धुंडत फिरले आणि शेवटी अँटॉप हिलला एका शेडच्या कोपऱ्यात टायरांच्या खाली ते सापडलं. खांद्यावर टाकून घेऊन आले. चेहरा असा, की घरी बारसं आहे.

मी तारीख बघितली. मुदत संपलेली. "काका, हे आता जाळायचंच की."

"जाळा ना. पण आधी जमा करा. आल्याची नोंद करा, मग काय जाळायचं ते जाळा. न आलेलं कसं जाळणार?"

मी कपाळाला हात लावला आणि खोकं जमा करून घेतलं.

मग आमच्याकडे कुलकर्णी नावाचे नवे मॅनेजर आले. शिकलेले, तरुण, आणि खरं सांगायचं तर हुशार. त्यांनी कॉम्प्युटर आणला, थंड खोली नीट करून घेतली, गाड्यांच्या वेळा बांधून दिल्या. काकांनी सगळं निमूट मानलं. रॅकना नंबर आले, साचाखात्याचं नाव पुसलं गेलं, तरी एक शब्द बोलले नाहीत. फक्त चहाचा नियम सोडेनात. कुलकर्णी म्हणायचे, "परब, चहा द्या ना, कोण नको म्हणतंय? पण एकीकडे माल उतरू दे." काका मान डोलवायचे आणि पुढच्या गाडीला पुन्हा तेच. मी त्या वेळी कुलकर्ण्यांच्या बाजूची होते. आजही थोडी आहेच.

एकदा तापाची साथ होती आणि सलाईनला सगळीकडून मागणी. गाडी सकाळी आली. ड्रायव्हर एकटाच उतरला. काकांनी क्लीनरचं नाव घेऊन हाक मारली. ड्रायव्हर म्हणाला, "तो उतरला वाटेत. येईल मागून."

"कुठे उतरला?"

"पनवेलला चहा प्यायलो, तेव्हा होता. नंतर दिसला नाही. येईल ओ, लहान आहे काय तो?"

काकांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला आणि ते गाडीच्या मागच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. क्लीनर कुठे आहे ते कळेपर्यंत दार उघडणार नाही म्हणाले. आधी आम्हाला गंमत वाटली. मग हमाल चिडले. परळच्या एका नर्सिंग होममधून मला फोनवर फोन येत होते, तिथल्या सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. कुलकर्णी आधी समजुतीने बोलले, मग आवाज चढवून. काका हलेनात. त्यांनी माझ्याकडून पनवेलच्या स्टँडवर, पोलिसांत, वाटेतल्या ओळखीच्या पंपांवर फोन करवले. मी फोन फिरवत होते आणि मनात त्यांना शिव्या घालत होते.

दुपार कलली तेव्हा क्लीनर आला. नव्या चपला घालून, पान खात. कुर्ल्याला बहिणीकडे जेवून आला होता. फाटकात एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो बिचारा तिथूनच परत फिरायला लागला. काका पुढे झाले, त्यांनी त्याचा दंड धरला, त्याला नीट न्याहाळला, आणि ग्लास त्याच्या हातात दिला. देताना अर्धा चहा त्याच्या नव्या चपलांवर सांडला. मग त्यांनी किल्ली काढली.

परळच्या सलाईनच्या पेट्या ते स्वतः टॅक्सीत घालून घेऊन गेले आणि तिथल्या डॉक्टरांसमोर हात जोडून उभे राहिले. सुदैवाने डॉक्टरांनी शेजारच्या दवाखान्यातून उसनं आणून भागवलं होतं. कुलकर्ण्यांनी मेमो दिला. काकांनी तो उभ्याउभ्या घेतला. "चूक माझीच साहेब," म्हणाले. "पण पुन्हा असं झालं, तर माझ्याकडून पुन्हा असंच होणार." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, एका माणसाच्या नावाखाली तुम्ही किती माणसं टांगणीला लावलीत आज." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मेमोची घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत आणि थंड खोलीची किल्ली त्यांच्या जुडग्यात. कुलकर्ण्यांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. चाळ गोदामापासून हाकेच्या अंतरावर. दार त्यांच्या भावजयीने उघडलं. मंदाताई. परळच्या एका इस्पितळात आयाचं काम करायच्या, तेव्हाच कामावरून आल्या होत्या. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. किल्ल्या खुंटीला होत्या, काका नव्हते.

"दादा भिवंडीला गेले," त्या म्हणाल्या. "काल काहीतरी झालं ना कामावर? असं काही झालं की जातात. तिथल्या मागांवर एकेक माणूस बघत फिरतात."

"कुणाला बघायला?"

त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा टाकला. तेव्हा मला कळलं.

काकांचा धाकटा भाऊ वसंत. याच गिरणीत साचेवाला. संप सुरू झाला, महिने गेले, घरातली भांडी वाजेनाशी झाली. तेव्हा गावागावांतून गिरणगावात धान्य येऊ लागलं. परबांच्या गावाने तांदूळ जमवला. पण तो मुंबईत आणायचा कसा? काका डिस्पॅचचे. त्यांनी माहिती काढली की एक ट्रक सिमेंट घेऊन कणकवलीकडे जातोय आणि परत रिकामा येणार. त्या रिकाम्या ट्रकातून तांदूळ आणायचं ठरवलं. कुठल्या खोलीत किती तोंडं, कुणाला किती द्यायचा, सगळं आधीच लावून ठेवलं. मालाबरोबर विश्वासाचं माणूस हवं म्हणून वसंताला गावी धाडला. तो जायला तयार नव्हता, मुलगी तापाने फणफणली होती. काका म्हणाले, "दोन दिवसांचं काम, जाऊन ये."

"ट्रक सकाळी आला," मंदाताई सांगत होत्या. "दादा खालीच उभे होते. त्यांनी ट्रकचा मागचा फळका पाडला आणि पोती मोजली. एक कमी नाही. सगळी चाळ भांडी घेऊन रांगेत. त्यांनी वाटायला सुरुवात केली. दादांना वाटलं, हे रात्रभर जागे, थेट वर गेले असतील निजायला. मला वाटलं, हे खाली दादांबरोबर वाटपाला आहेत. मी आमच्या वाट्याचा तांदूळ आणला, धुतला, भात केला. बऱ्याच दिवसांनी घरात भाताचा वास. दुपार झाली, खालची माणसं पांगली, तरी हे येईनात. मी जिन्यात उभी राहिले आणि म्हटलं, दादा, ह्यांना वर पाठवा, भात झालाय."

चहा उतू जात होता, तो मी उतरवला.

ड्रायव्हर तोवर ट्रक घेऊन निघून गेला होता. तो सापडायला फार दिवस लागले. त्याने सांगितलं ते एवढंच, की महाडला माणूस मागे पोत्यांवर बसलेला पाहिला होता. वडखळ नाक्यावर चहाला थांबलो. निघताना मागे झोपला असेल असं धरलं. मग पोलीस झाले, इस्पितळं झाली, नवससायास झाले. कुणी सांगितलं भिवंडीला मागावर दिसला, कुणी सांगितलं सुरतेला. संपात घर सोडून गेलेली माणसं तेव्हा थोडी नव्हती, त्यामुळे कशावरही विश्वास बसायचा. मंदाताईंच्या सासूबाई दाराकडे बघत बघतच वारल्या. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, तसं वसंत गेला असंही कुणाला सांगता आलं नाही.

"तेव्हापासून दादा तांदळाला हात लावत नाहीत," मंदाताई म्हणाल्या. "भाकरी खातात. मालवणी माणूस, भाताशिवाय जेवतो."

मी किल्ल्या घेऊन खाली उतरले. गोदामात आले तेव्हा एक गाडी मागे येत होती आणि वरून भुसका पडत होता. मी तिथेच उभी राहून रडले. हमालांना वाटलं, मॅनेजर बोलला असणार.

पुढे वर्षं गेली. काका तसेच. मी आता गाडी आली की आपणहून किटली भरून ठेवायची, आणि कुलकर्णीही काही बोलेनासे झाले, त्यांना मी काय ते सांगितलं होतं. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचे दिवस करून टाकायची आपल्याकडे रीत आहे. गावाहून भावकीचा तसा निरोपही आला. काकांनी तो उडवून लावला. "माझ्या हातून निघालेला माणूस आहे," म्हणाले. "तो जमा झाल्याशिवाय मी खोडणार नाही."

मग वसंताच्या मुलीचं, जयूचं, लग्न ठरलं. एके दिवशी मंदाताई गोदामात आल्या. काका आत साठा बघत होते, त्या माझ्या टेबलाशी बसल्या.

"ताई, तुम्ही दादांना सांगा. माझ्याने बोलवत नाही. मी ना सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाला बोलावतात, पण माझ्या कपाळाला बोट लावताना एकेकीचा हात थबकतो, तो मला दिसतो. अलिबागची, जयूच्या सासरची माणसं विचारतात, मुलीचे वडील आहेत का? मी काय सांगू, वाटेत आहेत म्हणून? माझ्या मुलीच्या लग्नात मी कोण म्हणून उभी राहू, तेवढं एकदा ठरवा म्हणावं. मी थकले वाट बघून."

मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खोक्यावर टकटक करत राहिले. मग मी आमच्या वाडीतल्या गुरुजींना गोदामात घेऊन आले. रीतीप्रमाणे आधी त्यांना चहा झाला. गुरुजींनी समजावून सांगितलं, देह नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, पुढचे दिवस करतात. मुलगा नाही तर भावाने करायचं.

काकांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "गुरुजी, समजा सगळं केलं आणि तो आला, तर?"

गुरुजींना या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. "शास्त्रात त्याची सोय आहे. आला तर त्याचा नवा जन्म धरायचा. जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, पुन्हा नाव ठेवायचं, आणि त्याच्या बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं."

"म्हणजे खोडलं तरी परत जमा करता येतं."

"येतं."

"पुन्हा एकदा सांगा."

गुरुजींनी पुन्हा सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही," म्हणाले. एवढ्याच एका गोष्टीवर हा माणूस अडून बसला होता आणि आम्ही सगळे त्याला दुःख, माया, वेडेपणा असं काय काय समजत होतो. अर्थात तेही होतंच. मंदाताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नवं लग्न राहू दे. आधी जुनं तरी संपवा."

विधी बाणगंगेवर झाला, एका धर्मशाळेच्या अंगणात. मंदाताईंच्या सोबतीला मी होते. गुरुजींनी दर्भावर पळसाची पानं मांडून माणसाएवढी आकृती केली होती, डोक्याच्या जागी नारळ. काका उघड्या अंगाने, ओल्या धोतरात. येताना ते एक पिशवी घेऊन आले होते. गुरुजी अग्नी हातात द्यायला लागले तेव्हा ते म्हणाले, "थांबा." पिशवीतून त्यांनी आमची गोदामातली किटली काढली, आमचाच चहाचा ग्लास काढला, चहा ओतला आणि पुतळ्याशी नेऊन ठेवला. मग गुडघ्यांवर बसले. नारळावर हात ठेवला. टकटक केली नाही, नुसता ठेवला.

"इलंस?" ते म्हणाले.

कामावर त्यांच्या तोंडून मालवणी मी क्वचितच ऐकली होती. गुरुजी थांबले होते. मंदाताईंनी माझा हात घट्ट धरला.

"खूप येळ लावलंस रे, वसंता." मग खालच्या आवाजात, "त्या दिसा मी तांदूळ मोजलंय. तुका मोजूक नाय."

उत्तर येईल अशा बेताने ते तसेच बसून राहिले. अंगणातला एक कावळा नारळाच्या पलीकडे उतरला आणि परत उडाला. चहावर साय धरली. मग काकांनी हात पुढे केला आणि गुरुजींनी त्यात अग्नी दिला. मंदाताई रडल्या नाहीत. मंगळसूत्र त्यांनी स्वतःच काढलं आणि रुमालात बांधलं. त्या दिवसाच्या आधी आणि नंतरही मी त्यांना इतकं मोकळं बसलेलं पाहिलं नाही. बाकीचे दिवस रीतीप्रमाणे झाले. तेराव्याच्या पानावर काकांनी भात घेतला, मंदाताईंनी वाढला तेवढा सगळा खाल्ला.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते जयूच्या लग्नात. नंतर ते निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले, मला ते उशिरा कळलं. लग्न दादरच्या एका हॉलमध्ये होतं. नवऱ्याकडची मंडळी अलिबागहून बस करून येणार होती. काका सकाळपासून रस्त्यावर उभे. नवा शर्ट, हातात किटली. मला वाटलं होतं, आता सुटले असतील त्यातून.

बस आली. मंडळी उतरायला लागली. बायका साड्या सावरत, पोरं उड्या मारत, बँडवाल्यांनी सूर धरलेला. काकांनी नवऱ्या मुलाच्या चुलत्यांना गाठलं.

"वाटेत कुठे थांबलात?"

"वडखळला. चहाला."

"निघताना माणसं बघून घेतलीत?"

"अहो, सगळी घरचीच," ते गृहस्थ हसत म्हणाले आणि आत गेले.

सगळे आत गेले. काका मात्र बसमध्ये चढले. मी हॉलच्या पायरीवरून बघत होते. ते एकेक बाक हाताने चाचपत मागपर्यंत गेले, शेवटच्या बाकाच्या खाली वाकून बघितलं, आणि तिथे काही वेळ दिसेनासे झाले. मग खाली उतरले.

मंदाताई दारात आल्या. फिकट साडी, मोकळा गळा, हातात अक्षतांचं तबक. "दादा, चला. मुहूर्त होतोय."

"इलंय," ते म्हणाले. पण आधी त्यांनी ड्रायव्हरला नाव विचारून खाली बोलावलं, त्याच्या हातात चहा दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत, बस ज्या दिशेने आली त्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.